धानोऱ्याहून काबूलकडे पाहताना

काबूल कोठे आणि गडचिरोली जिल्ह्यातले धानोरा कोठे! वाचक असे म्हणतील आणि त्यांचे म्हणणे काही वावगे नाही. तिकडे उघडेबोडके डोंगर, इकडे साग, बांबू आणि मोहाचे रान. तरीही युद्धाने मोडलेला देश परक्यांनी कसा सावरावा, हे कोडे मला परराष्ट्रनीतीच्या जाडजूड ग्रंथांपेक्षा धानोरा तालुक्यात हिंडतानाच अधिक उमगले.

आधी काबूलची हकीकत. २००१ साली तालिबानची राजवट कोसळली आणि श्रीमंत राष्ट्रांनी आपल्या थैल्या मोकळ्या केल्या. एकट्या अमेरिकेने वीस वर्षांत केवळ पुनर्रचनेवर सुमारे १४५ अब्ज डॉलर खर्च केले. आपला देश काही सावकार नव्हे. पण आपणही तीन अब्ज डॉलरांच्या घरात मदत केली. पाकिस्तान खुष्कीची वाट देईना. मग इराणमार्गे माल नेता यावा म्हणून इराणच्या सरहद्दीवरील झरंजपासून देलारामपर्यंत २१८ किलोमीटरांचा रस्ता आपल्या सीमा सडक संघटनेने बांधला. तो २००९ मध्ये अफगाण सरकारच्या हवाली झाला. २०१५ मध्ये काबूलचे संसद भवन उभे राहिले. २०१६ मध्ये हरी नदीवरील सलमा धरण पुरे झाले. त्याची वीज ४२ मेगावॉट, आणि पाणी हेरात प्रांतातल्या शेतीला.

या कामाची किंमत नुसती पैशांत मोजता येत नाही. २००५ मध्ये त्याच रस्त्यावर काम करणाऱ्या आपल्या एका वाहनचालकाला पळवून नेऊन ठार मारण्यात आले. ७ जुलै २००८ रोजी काबूलमधील आपल्या वकिलातीच्या दारातच स्फोट झाला आणि पन्नासहून अधिक माणसे मेली.

आणि शेवट काय? ६ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानच्या हाती पहिली प्रांतिक राजधानी पडली, ती नेमकी झरंज! पुढे नऊच दिवसांत काबूल पडले. रस्ता होता तसाच राहिला. त्यावरून जाणारी सत्ता तेवढी बदलली.

त्याच वर्षी, त्याच तालुक्यात

आता आपल्या रानात या. गडचिरोलीत १९८०च्या दशकापासून नक्षलवादी आणि सरकार यांच्यामध्ये आदिवासी भरडला गेला. रस्त्याच्या कामावरची यंत्रे जाळण्यात आली. १ फेब्रुवारी २००९ रोजी धानोरा तालुक्यातील मरकेगावजवळ १५ पोलीस मारले गेले.

पण त्याच २००९ साली, त्याच तालुक्यात, धानोऱ्याच्या अगदी जवळच्या मेंढा-लेखा या गोंड गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्काचा कागद आला, तरी बांबू विकायचा म्हणजे वाहतुकीचा परवाना लागे, आणि तो देणे सरकारच्या हाती! अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या स्वाधीन केले. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा देणाऱ्या या गावात बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने निर्णय होतात. एकाचा जरी विरोध असला, तरी चर्चा पुढच्या बैठकीवर जाते.

तिकडच्या एका वृद्ध गृहस्थांना मी विचारले, “बाबा, रस्ता झाला, दिवे आले. आता बरे आहे ना?” ते हसून म्हणाले, “रस्ता चांगलाच हाय जी. पण हिशेब कोणाच्या हातात हाय, ते पाहा लागते.”

हिशेबाची वही

हा विचार अफगाणिस्तानात कोणाला सुचलाच नाही, असे मुळीच नाही. २००३ पासून तेथे हजारो खेड्यांत गावकऱ्यांनी निवडलेल्या समित्यांच्या हाती थेट पैसा देण्याची योजना चालली. विहीर हवी की शाळा, हे गावाने ठरवायचे. कामे झाली, लोकांना ती आवडलीही. पण त्याने युद्ध थांबले नाही.

का थांबले नाही? मला दिसते ते असे. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेमागे संसदेचा कायदा आहे, न्यायालय आहे. मंत्री बदलला तरी हक्क उरतो. अफगाण गावाच्या समितीमागे जे सरकार होते, तेच परक्यांच्या पैशावर आणि फौजेवर उभे होते. फौज निघाली आणि आधार गेला. परके राष्ट्र धरण देऊ शकते, पैसा देऊ शकते. लोकांना आपला वाटणारा कायदा काही पेटीत भरून पाठवता येत नाही. परराष्ट्रनीतीची खरी अडचण ती हीच.

मग मदतच करू नये काय? तसे मला वाटत नाही. २०२२ मध्ये आपण तालिबानला मान्यता न देता भुकेल्या अफगाणांसाठी गहू पाठवला, तो पाकिस्तानातून मार्ग काढून! ऑक्टोबर २०२५ मध्ये काबूलची आपली वकिलात पुन्हा पूर्ण रूपात सुरू झाली. जी राजवट मुलींना माध्यमिक शाळेची पायरी चढू देत नाही, तिच्याशी बोलणे सुखाचे नव्हे. पण न बोलल्याने त्या मुलींपर्यंत पोहोचण्याची उरलीसुरली वाटही बुजते. म्हणून बोलावे, धान्य आणि औषधे द्यावीत, लहान कामे गावाला विचारून करावीत आणि आपण कोणाचे राष्ट्र घडवीत आहोत हा गर्व तेवढा घरी ठेवावा. सलमा धरणाचे पाणी हेरातच्या ज्या शेतकऱ्यासाठी अडवले, तो शेतकरी तर कोठे गेलेला नाही.