नंगाऱ्याला ऊन मानवतं, बॅटरीला नाही

रामनवमीच्या यात्रेत पोहरादेवीला पोचलं की डोक्यावर चैत्राचं ऊन आणि कानात नंगारा, दोन्ही एकदमच सुरू होतात. वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं हे गाव म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे, जगदंबा देवीचं मंदिर इथे, आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी उघडलेल्या बंजारा विरासत संग्रहालयाची ओळखही नंगाऱ्याचीच. नंगाऱ्याला ना वायर लागते, ना चार्जिंग. कातडं सैल पडलं की थोडा वेळ उन्हात ठेवायचं. ते ताणलं जातं आणि आवाज पुन्हा खणखणीत होतो.

भजनासाठी घरी बनवलेला स्पीकर नेमका उलट्या स्वभावाचा. खोकं प्लायवूडचं, आत गाडीतले जुने चार ओहमचे स्पीकर, एक छोटा ॲम्प्लिफायर बोर्ड. इथवर काही चुकलं तर फार तर आवाज फाटतो. बॅटरीपाशी चुकलं तर आग लागते. म्हणून या सगळ्या खटाटोपात सावकाश करायचं काम एकच, बॅटरी पॅक.

आपल्या भागात पहिली बॅटरी बहुधा चार्जिंगच्या फवारणी पंपातून येते. १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तास, शिसं-आम्लाची, वजन दोन किलोच्या वर. ती चालते, पण वारंवार अर्ध्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे हिशेबात धरायची ती निम्मीच. मग कोणीतरी सांगतं, ‘लिथियम टाक.’ सल्ला बरोबर, फक्त अर्धा. लिथियम म्हणजे कोणतं, हे तो सांगत नाही.

लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीत बोटाएवढे सेल निघतात, त्यांना १८६५० म्हणतात: जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५. एक सेल साधारण ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२. तीन ओळीने जोडले की भरलेला पॅक १२.६ व्होल्टचा. दुसरा प्रकार लिथियम आयर्न फॉस्फेटचा, बाजारात ‘एलएफपी’ किंवा नुसतं ‘फॉस्फेट’. अनेक सौर दिव्यांत आणि काही नव्या फवारणी पंपांत याचेच ३२७०० नावाचे जाड सेल असतात. हा ३.२ व्होल्टचा, भरल्यावर ३.६५. चार जोडले की १२.८ व्होल्ट, आणि भरताना १४.६.

दोन्ही पॅकवर दुकानदार ‘१२ व्होल्ट’ असंच लिहितो. इथे घोटाळा होतो. फॉस्फेटचा १४.६ व्होल्टचा चार्जर तीन लॅपटॉप-सेलांना लावला तर प्रत्येकाच्या वाट्याला ४.८७ व्होल्ट येतात. ४.२ च्या पुढे त्या सेलाला एक घासही जास्त चालत नाही. संरक्षक बोर्ड असला तर तो वीज तोडेल. नसला किंवा बिघडलेला असला तर सेल तापत जाईल. चार्जर पॅकचाच हवा, पिन बसते म्हणून लावायचा नाही.

माझं मत सरळ आहे: विदर्भातल्या स्पीकरला फॉस्फेटच. लॅपटॉपच्या सेलात निकेल-कोबाल्टसारखे धातू असतात. तो फार तापला की त्यातून प्राणवायू सुटतो आणि आतल्या ज्वलनशील द्रवाला आग मिळते. फॉस्फेटमध्ये प्राणवायू फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, सहजी सुटत नाही. हे रसायन १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्यासोबत मांडणाऱ्यांत अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी हे दोघे होते. लिथियम बॅटरीसाठी गुडइनफ यांना २०१९ चं नोबेल मिळालं, वयाच्या ९७ व्या वर्षी. फॉस्फेट त्याच आकारात कमी वीज साठवतो, पण स्पीकरच्या खोक्यात जागेची कसली टंचाई?

आता जोडणी. ओळीने जोडलेले सेल म्हणजे लदेणीचे बैल. मीठ-धान्य लादून निघालेला तांडा सगळ्यात थकलेल्या बैलाच्या चालीनेच चालतो; पॅकही सगळ्यात कमजोर सेलाच्या दमावर चालतो. माझा पहिला पॅक जुन्या लॅपटॉप-सेलांचा होता. मीटरवर सगळे सारखेच दिसले, आणि ढोलकीचा पहिला जोरदार ठोका आला की स्पीकर बंद! एका म्हाताऱ्या सेलाचं व्होल्टेज त्या ठोक्याला कोसळायचं आणि संरक्षक बोर्ड इमानेइतबारे सगळं तोडायचा. दोष मी दोन दिवस ॲम्प्लिफायरमध्ये शोधत होतो.

म्हणून चारही सेल नवे, एकाच कंपनीचे, एकाच खेपेचे घ्यावेत. जोडण्याआधी मीटर लावून व्होल्टेज जुळवावं. धन टोकावर कागदी चकती चिकटवायची, कारण सेलाची बाकी सगळी काया ऋण असते आणि मधलं आवरण कागदाइतकंच पातळ. जोड निकेलच्या पट्टीने, स्पॉट वेल्डिंगने. सोल्डरचं इस्त्रीसारखं तापलेलं टोक सेलावर धरून ठेवू नये. वेल्डिंगची सोय नसेल तर टोकाला स्क्रू असलेले ३२७०० सेलही मिळतात.

त्यावर बीएमएस, म्हणजे तोच संरक्षक बोर्ड, पॅकचा नायक. तो प्रत्येक सेलावर नजर ठेवतो: कोणी जास्त भरला, कोणी फार उतरला, कुठे शॉर्ट झालं. त्याचा कनेक्टर खोचण्याआधी बारीक तारा ऋण टोकापासून मोजाव्यात: ३.२, ६.४, ९.६, १२.८. पायऱ्या अशाच चढत्या आल्या तरच खोचावं. धन तारेत दहा अँपिअरचा फ्यूज, आणि तो पॅकच्या अगदी अंगाला.

ॲम्प्लिफायरवर ‘५० अधिक ५० वॅट’ छापलेलं असतं, त्याला भुलू नये. तो आकडा २४ व्होल्टचा. १२.८ व्होल्टवर चार ओहमच्या स्पीकरला फार तर २० वॅट मिळतात, आणि अंगणातल्या भजनाला तेही पुष्कळ. सहा अँपिअर-तासाच्या चार सेलांत सुमारे ७७ वॅट-तास मावतात. सरासरी आठ वॅट खर्च धरला तर नऊ तासांच्या आसपास चालतो. वजन सहाशे ग्रॅमच्या जवळपास.

राहिलं ऊन. फॉस्फेट सहजी पेटत नाही, पण ऊन त्यालाही मानवत नाही. बहुतेक लिथियम सेल चार्ज करण्याची मर्यादा ४५ अंशांची, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत सावलीतला पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात उभ्या जीपमध्ये तर त्याच्या कितीतरी वर. यात्रेला नेताना स्पीकर गाडीत कोंडून ठेवू नका. चार्जर पहाटे लावा, सावलीत, फरशीवर. पहिलं चार्जिंग होईपर्यंत जवळ बसा, आणि एखादा सेल फुगलेला किंवा हाताला चटका देणारा लागला तर तो पॅक पुन्हा वापरू नका.