जर्मनीला निघालात? मुलांची शाळा ठरवण्याआधी मे महिना मोजा

ज्यांना हेडफोन लावायला सवड मिळाली नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे बघा" थोडे कमी केलेत.

या वेळी विषय आला तो हिंजवडीच्या एका ताईंच्या व्हॉइस नोटमधून. त्या म्हणतात, "दादा, नवऱ्याला म्युनिकला तीन वर्षांचं काँट्रॅक्ट मिळालंय. ऑगस्टमध्ये निघायचंय. मुलगी साडेनऊ वर्षांची आहे, एप्रिलपासून सीबीएसईच्या चौथीत बसलीये. मुलगा चार वर्षांचा. तिकडच्या इंटरनॅशनल शाळांची फी बघून डोळे पांढरे झाले. सरकारी जर्मन शाळेत घातलं तर मुलीचं वर्ष वाया जाईल का? सासूबाई तर म्हणतायत, पोरीला इथेच ठेवा आमच्याजवळ."

ताई, तुमचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. आणि मला तो घरचा वाटला, कारण आठ वर्षांपूर्वी माझी बहीण अशीच मुलाला घेऊन म्युनिकजवळ राहायला गेली. तिचं काय चुकलं ते पुढे सांगतोच. आधी तिकडची पद्धत समजून घेऊ.

आधी घर, मग शाळा

आपण पुण्यात काय करतो? आधी शाळा बघतो, मग तिच्या जवळ फ्लॅट. जर्मनीत बरोबर उलटं. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, सरकारी प्राथमिक शाळा तुमच्या पत्त्यावरून ठरते. घर ज्या हद्दीत, ती शाळा. दुसरी हवी असेल तर कारण देऊन अर्ज करावा लागतो. त्यामुळे भाड्याचं घर शोधताना "स्टेशन किती लांब" याबरोबर "या पत्त्याला कुठली शाळा लागते" हेही विचारा. सरकारी शाळेला फी नाही. डोनेशन नाही. पालकांची मुलाखत नाही.

आणखी एक. जर्मनीत शाळेत जाणं कायद्याने सक्तीचं आहे. "थोडे दिवस घरीच शिकवू, ऑनलाइन सीबीएसई करू" असा बेत असेल तर तो विसरा. होमस्कूलिंग तिकडे चालत नाही.

शिक्षणाचा कारभार तिथल्या सोळा राज्यांकडे आहे आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. म्हणून बर्लिनच्या मित्राचा सल्ला म्युनिकला लागू होईलच असं नाही. सगळ्यात मोठा फरक कुठे आहे, ते आता बघू.

चौथीचा तो मे महिना

जर्मनीत प्राथमिक शाळा, म्हणजे ग्रुंडशुले, बहुतेक राज्यांत चौथीपर्यंत असते. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये ती सहावीपर्यंत चालते. त्यानंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. गिम्नाझियम थेट विद्यापीठाकडे नेतं. त्याची शेवटची परीक्षा आबिटूर, आता बव्हेरियात ती तेरावीनंतर होते. रिआलशुले दहावीपर्यंत. मिटलशुले नववी किंवा दहावीपर्यंत, तिथून बरीच मुलं कंपनीत काम शिकत शिकत व्यावसायिक शिक्षण घेतात.

आपल्याकडे दहावीला जे टेन्शन असतं ना, ते बव्हेरियात चौथीला असतं. मे महिन्याच्या सुरुवातीला मुलाच्या हातात एक दाखला पडतो. त्यात तीन विषयांची सरासरी असते: जर्मन, गणित आणि आपल्या परिसर अभ्यासासारखा एक विषय. सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम, २.६६ पर्यंत रिआलशुले. तिकडे १ म्हणजे सर्वोत्तम आणि ६ म्हणजे सगळ्यात वाईट, हे लक्षात ठेवा. नाहीतर पोराला १ मिळाला म्हणून ओरडाल आणि ५ मिळाले म्हणून पेढे वाटाल! सरासरी बसली नाही तर तीन दिवसांचे चाचणी वर्ग देऊन पुन्हा एक संधी मिळते.

आठ महिने की वीस?

आता ताईंच्या मुलीचं गणित मांडू. बव्हेरियात शाळा सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होते. वयाप्रमाणे तिला चौथीत बसवतील. पुण्यातही चौथी, तिकडेही चौथी. घरचे खूश, "वर्ष वाचलं!" पण सप्टेंबर ते मे म्हणजे फक्त आठ महिने. एक अक्षर जर्मन येत नसलेल्या मुलीने आठ महिन्यांत जर्मनमध्येच जर्मन, गणित आणि परिसर अभ्यासाचे पेपर द्यायचे.

माझ्या बहिणीचं नेमकं हेच झालं. भाच्याला चौथीत घातलं. पाढे तीसपर्यंत पाठ, बेरीज-वजाबाकीत वर्गात पहिला. पण शाब्दिक उदाहरण आलं की पेन थांबायचं, कारण प्रश्नच वाचता यायचा नाही. मे महिन्यात रिआलशुलेचीही सरासरी बसली नाही. पाचवी मिटलशुलेत काढली, मग रिआलशुलेत पाचवीच पुन्हा केली. जे वर्ष वाचवायला गेलो तेच गेलं. वर पोरगा दोन वर्षं स्वतःला ढ समजत राहिला, ते वेगळं. यंदा तो दहावी झाला, मजेत आहे. पण ती दोन वर्षं बहीण अजून विसरलेली नाही.

मग काय करायला हवं होतं? ग्रुंडशुलेत नाव घालायला जाल तेव्हाच विचारायचं: हिला तिसरीत बसवता येईल का? शेवटचा निर्णय शाळेचा असतो, पण पालकांनी विचारलंच पाहिजे. तिसरीत बसली की त्या मे महिन्यापर्यंत आठऐवजी वीस महिने मिळतात. आपल्याकडे "मागच्या वर्गात बसली" म्हटलं की नातेवाईक हळहळतात. तिकडे वर्गात वर्षा-दीड वर्षाने मोठं मूल असलं तरी कुणी वळून बघत नाही.

आणि एक नियम वहीत लिहून ठेवा. ज्या मुलाची मातृभाषा जर्मन नाही आणि जे पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हतं, त्याला बव्हेरियात ३.३३ पर्यंतच्या सरासरीवरही पुढच्या शाळेसाठी पात्र ठरवता येतं. अट अशी की मार्क जर्मन कच्चं असल्यामुळे गेले असावेत आणि ती कमतरता भरून निघेल असं शाळेला वाटावं. भाच्याच्या वेळी शाळेत कुणी हे सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. तुम्ही विचारा.

"मुलं सहा महिन्यांत भाषा शिकतात" हे अर्धंच खरं

हे वाक्य प्रत्येक जण ऐकवतो. खेळण्यापुरती, भांडण्यापुरती, "माझा बॉल दे" इतकी भाषा लवकर येतेच. पण पुस्तकातली भाषा वेगळी. कॅनडातले भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हाच फरक मांडला. बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाच्या भाषेत बरोबरीच्या मुलांना गाठायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. म्हणून मुलगी मैत्रिणींशी फाडफाड जर्मन बोलायला लागली की "झालं, आली भाषा" असं समजू नका. मार्क कमी पडले तर ती आळशी झाली असंही समजू नका.

नव्याने आलेल्या मुलांसाठी बव्हेरियात खास भाषेचे वर्ग आहेत, त्यांना डॉइचक्लासे म्हणतात. बर्लिनमध्ये त्यांना स्वागतवर्ग म्हणतात. ते प्रत्येक शाळेत नसतात, म्हणून जवळचा वर्ग कुठे आहे ते पहिल्याच भेटीत विचारा. आणि निघायला अजून महिने हातात असतील तर पुण्यातच मुलीची जर्मनची शिकवणी लावा. आकडे, रंग, "मला समजलं नाही" आणि "टॉयलेटला जाऊ का" एवढं जरी आलं तरी पहिला आठवडा निभावतो.

धाकट्याचं काय?

त्याचं उत्तर सोपं आहे. चार वर्षांचं मूल थेट जर्मन किंडरगार्टनमध्ये घाला. पहिलीला त्याच्याकडे दोन वर्षं आहेत, तोवर ते तुमचे उच्चार सुधारायला लागेल. अवघड आहे ते जागा मिळणं. म्युनिकमध्ये किटा-फाइंडर नावाच्या शहराच्या पोर्टलवर अर्ज करतात. पत्ता मिळाला की त्याच दिवशी करा.

दोघांच्याही बाबतीत एक व्यवहार बघून ठेवा. प्राथमिक शाळा बऱ्याच ठिकाणी दुपारपर्यंतच असते. दोघं नोकरी करणार असाल तर दुपारच्या पाळणाघराची, तिकडच्या भाषेत होर्टची, जागा शाळेइतकीच महत्त्वाची. २०२१ च्या कायद्याने पहिलीच्या मुलांना ऑगस्ट २०२६ पासून पूर्ण दिवसाच्या सोयीचा हक्क दिलाय आणि तो दर वर्षी एकेका इयत्तेने वाढत जाणार आहे.

इंटरनॅशनल शाळा कधी घ्यायची?

या शाळा वाईट नाहीत. इंग्रजी माध्यम, बहुतेक ठिकाणी आयबीचा अभ्यासक्रम, मूल दुसऱ्या दिवसापासून वर्गात बोलू शकतं. पण वर्षाची फी साधारण १५ ते २५ हजार युरो, तीही एका मुलाची. म्हणून तीन प्रश्न विचारा.

पहिला: फी कोण भरणार, आणि किती वर्षं? कंपनीने तीन वर्षं भरली आणि चौथ्या वर्षी तुम्ही लोकल करारावर गेलात, तर? तेरा वर्षांच्या मुलीला तेव्हा जर्मन शाळेत टाकणं हे आज टाकण्यापेक्षा कितीतरी अवघड.

दुसरा: तीन वर्षं म्हणजे खरंच तीनच? ईयू ब्लू कार्डवर २७ महिन्यांत कायमच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो आणि बी-वन पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांतच. त्यामुळे "तीन वर्षांनी येतो" म्हणणारे कितीतरी जण तिकडेच रमतात. नवरा-बायकोने हे एकदा मोकळेपणाने बोलून घ्या. तुमचं खरं उत्तर काय, यावरच शाळा ठरते.

तिसरा: मुलाचं वय किती? आठवी-नववीतलं मूल असेल आणि फीची सोय असेल, तर माझं मत इंग्रजी शाळेच्या बाजूने आहे. त्या वयात नवी भाषा आणि बोर्डाचा अभ्यास एकदम पेलणं फार जड जातं. दहाच्या आतलं मूल असेल तर जर्मन शाळा. मधल्या वयात मात्र मुलाचा स्वभाव बघा, आणि त्यालाही विचारा.

परत यायचं असेल तर

ताई तीन वर्षांनी खरंच परतल्या, तर मुलगी साडेबारा वर्षांची असेल. सातवी-आठवीपर्यंत परतणं जमून जातं. खरी अडचण त्यानंतर. सीबीएसईत नववी-दहावी आणि अकरावी-बारावी हे जोडीचे कोर्स आहेत, त्यामुळे मध्येच थेट दहावीत किंवा बारावीत प्रवेश मिळणं अवघड असतं. डॉक्टर करायचं मनात असेल तर आणखी एक गोष्ट. महाराष्ट्राच्या कोट्यातून एमबीबीएसला साधारणपणे डोमिसाइलबरोबर दहावी आणि बारावीही महाराष्ट्रातून झालेली लागते. म्हणजे परतायचं असेल तर नववीच्या आधी परता, हा सोपा ठोकताळा.

आणि मराठी! २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी शिकवणं सक्तीचं आहे. तिकडे घरात मराठी बोलणं, रविवारी अर्धा तास मराठी वाचणं हे नुसतं आजीशी गप्पा मारण्यापुरतं नाही, ती परतीची तयारी आहे. घरात तुम्ही मोडकंतोडकं जर्मन बोलू नका, ते शाळेवर सोडा.

हातातल्या बॅगेत काय?

जन्माचा दाखला, गेल्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, शाळा सोडल्याचा दाखला आणि लसीकरणाचं कार्ड. मार्च २०२० पासून जर्मनीत शाळेसाठी गोवराच्या लसीचा पुरावा लागतो, दोन डोस. तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून तारखांसकट इंग्रजीत लिहून आणि शिक्का मारून घ्या. हे सगळं सामानात टाकू नका, हातात ठेवा.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. धाकटा किंडरगार्टनमध्ये. मोठी सरकारी शाळेत, पण तिसरीत बसवायची विनंती करून, आणि आजपासून जर्मनची शिकवणी लावून. सासूबाईंना सांगा, वर्ष वाया जात नाही, ते भाषेसाठी देतोय. आणि पोरीला मागे ठेवू नका. पहिले तीन-चार महिने ती रडत घरी येईल. तेव्हा जवळ घ्यायला आई हवी, व्हिडिओ कॉल नको.

तुमच्यापैकी कुणी दुबई, सिंगापूर किंवा नेदरलँड्सला मुलं घेऊन गेलं असेल, तर तिकडची शाळा कशी ठरवली ते व्हॉइस नोटमध्ये नक्की सांगा. पुढच्या भागात तेच ऐकू. तोवर काळजी घ्या, ऐकत राहा!