चिमुकल्या हातांना उद्योग

घरात दीड-दोन वर्षांचं मूल असलं की दुपार कशी जाते, हे मी तुम्हांला काय सांगायचं! ओट्याखालची भांडी बाहेर येतात, पिठाचा डबा पालथा होतो आणि आपण ‘अरे, ठेव ते’, ‘अगं, हात नको लावूस’ करीत घरभर मागेमागे फिरत असतो. अशा वेळी हातात मोबाइल देऊन मोकळं व्हावंसं वाटतं, ते मला समजतं. पण त्या मुलाला खरं तर काहीतरी कुस्करायचं असतं, फाडायचं असतं, सांडायचं असतं. ते आपणच त्याला का देऊ नये?

मी सकाळचे तीन तास एका बालवर्गात शिकवते. तिथे नव्याने आलेल्या मुलांत, घरी कणकेशी खेळलेलं मूल कोणतं, हे दोन-चार दिवसांत कळतं. खडू हातात आला की त्याचा हात अवघडत नाही. आयांचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला असतो: “बाई, हा अक्षरं कधी काढायला लागेल?” मैत्रिणींनो, दीड वर्षाचं मूल खडू मुठीत धरतं आणि रेघ मारतं ती खांद्यापासून. बोटांत ताकद हळूहळू येते. साधारण तिसऱ्या वर्षाच्या सुमाराला गोल काढता येतो, फुली त्यानंतर, आणि चौकोन तर चार वर्षांच्याही पुढे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही या वयात खेळातूनच शिकवावं असं म्हटलं आहे. तरीसुद्धा शेजारणीची अडीच वर्षांची मुलगी ‘अ’ गिरवते असं ऐकलं की आपला जीव खालीवर होतो. होऊ द्यावा, पण पेन्सिल आणायला धावू नये.

सर्वांत सोपा उद्योग म्हणजे परातीतला रवा. मोठ्या परातीत दोन मुठी रवा पसरायचा आणि मुलाला समोर बसवायचं. बोटाने रेघ उमटते, तळव्याने पुसली जाते, पुन्हा उमटते. चुकलं असं काही नसतंच. खाली जुनी चादर अंथरली की झाडताना त्रास नाही. रांगोळी मात्र वापरू नका. तिची पूड दगडाची असते, ती नाकाडोळ्यांत जाते.

पोळ्यांची कणीक मळताना लिंबाएवढा गोळा मुलाला देणं हे तर आपल्या आज्याही करीत. त्यात थोडी भर घालू. बीट उकडलेलं पाणी, हळद आणि वाटलेला पालक असे तीन रंग घालून तीन गोळे करा. लाटणं, वाटी, शेवेच्या सोऱ्याची चकती हाताशी द्या. मूल तीनच्या पुढचं असेल आणि सगळं तोंडात घालायची सवय सुटली असेल, तर दोन वाट्या कणकेला अर्धी वाटी मीठ आणि चमचाभर तेल घालून मळा. झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये ती आठवडाभर टिकते. लहानग्यांना मात्र मिठाची देऊ नका. इतकं मीठ त्यांच्या पोटात जाणं बरं नाही. त्यांना बिनमिठाची, त्या दिवसापुरती.

आता भाजीकडे वळू. भेंडी चिरताना देठाकडचा तुकडा आपण टाकूनच देतो, म्हणजे अन्नाची नासाडी झाली असं घरातलं वडीलधारं कुणी म्हणणार नाही. तो तुकडा रंगात बुडवून कागदावर टेकवला की पाच पाकळ्यांचं फूल उमटतं. दोडक्याच्या शेंड्याचं वेगळंच नक्षीदार चक्र होतं, कांदा आडवा कापला की गोलात गोल. रंगासाठी एक वाटी पाण्यात दोन चमचे मैदा कालवून मंद आचेवर खळीसारखं शिजवा, निवू द्या आणि त्यात हळद किंवा बिटाचं पाणी घाला. हळदीच्या रंगात चिमूटभर खायचा सोडा घातला की पिवळ्याचा तांबडा होतो. हे मुलांसमोरच करा, त्यांचे डोळे बघण्यासारखे होतात. होळीचा उरलेला रंग वापरू नका. शेंदूर तर नकोच, त्यात शिसं असतं.

हीच खळ चिकटवायला चालते. जुन्या लग्नपत्रिका, कॅलेंडरची पानं मुलांना फाडू द्या. फाडताना दोन्ही हातांची बोटं उलटसुलट चालतात, तोच त्यांचा व्यायाम. कात्रीची घाई नको. तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवले की झालं चित्र. पूर्वी खळीला किडे लागू नयेत म्हणून तीत मोरचूद घालीत. तो विषारी असतो. मुलांसाठीची खळ ताजी करावी, उरली तर टाकून द्यावी.

पैसे न लागणारी ही साधनं आपल्याकडे नवी नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते वाढलं. माँटेसोरीची महागडी साधनं तिथे कुठून यायची? त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांतूनच साधनं उभी केली. आपण घरी करताना एक पथ्य पाळायचं: तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती चणे, चिंचोके, मणी, बटणं द्यायची नाहीत. ती नाकात जातात, घशात अडकतात. आणि मूल खेळतंय तोवर आपण तिथेच बसायचं. भाजी निवडायला घ्या, पण नजर तिकडे असू द्या.

आणखी एक सांगते, जरा फटकळपणे. भेंडीचं फूल कागदाच्या कोपऱ्यात वाकडं पडलं तर आपला हात शिवशिवतो. त्याला देठ काढावा, दोन पानं काढावी! तसं करू नका. आपण देठ काढला की चित्र आपलं होतं, आणि पुढच्या वेळी ते मूल कागद आपल्यापुढे सरकवून म्हणतं, “आई, तूच काढ.” बालवर्गात अशी मुलं मी दरवर्षी बघते. कागद समोर ठेवला तरी हात पुढे करीत नाहीत. “हे काय काढलंस?” असंही विचारू नका. त्याने काहीच काढलेलं नसतं, हात फिरवलेला असतो. “केवढी लांब रेघ!” एवढं पुरे.

राहिला कपड्यांचा प्रश्न. खेळायला एक जुना सदरा ठेवूनच द्या. हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, तेव्हा दचकू नका. ती सोड्याचीच गंमत आहे. स्वच्छ पाण्यात खळबळून डागाची बाजू वर करून कडक उन्हात घाला. दोन-तीन उन्हांत तो फिका पडतो.