कळलावी : पानाफुलांवरून ओळख

आषाढ-श्रावणात झरी जामणीच्या सागवनांत, कुंपणांवर आणि नाल्यांच्या काठी अग्निज्वालेसारखे एक फूल उमलते. ते कळलावीचे. संस्कृतात तिला अग्निशिखा आणि लांगली अशी नावे आहेत. हे फूल घरात आणले की भांडण लागते, असा समज सर्वत्र आढळतो. भांडणाची भीती निराधार आहे. विषाची मात्र खरी आहे. म्हणून प्रत्येक पालकाने व विद्यार्थ्याने ही वनस्पती ओळखावी.

प्रथम पान पाहावे. ते देठविरहित, भाल्याच्या पात्यासारखे लांबट असून त्याच्या शिरा समांतर धावतात. पानाचे टोक तारेसारखे वळलेले असते व त्याच टोकाने वेल आधार पकडते. ही खूण फूल नसतानाही उपयोगी पडते.

फुलाला सहा पाकळ्या असतात. त्यांच्या कडा नागमोडी असून त्या मागे व वर उलटलेल्या असतात. आरंभी हिरवट, मग पिवळ्या आणि शेवटी नारिंगी-लाल असा त्यांचा रंग पालटतो. सहा पुंकेसर बाहेर पसरतात आणि स्त्रीकेसराचा दांडा काटकोनात वळतो.

जमिनीतील कंद नांगरासारखा दुभंगलेला असतो; लांगली हे नाव त्यावरूनच आले. कंदमुळे खणून खाण्याची परंपरा असलेल्या आपल्या भागात खरा धोका येथेच आहे. करांद्याचे पान हृदयाकृती असते आणि त्याचा वेल खोडानेच आधाराला वेढे घेतो; पानाच्या टोकाला ताणा नसतो. वेल सुकल्यावर ही खूण उरत नाही. तेव्हा अनोळखी कंद खाऊच नये. श्रीलंकेत रताळे समजून कळलावीचा कंद खाल्ल्याने माणसे दगावली आहेत.

कळलावीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात व बियांत, कोल्चिसिन हे विष असते. काही तासांनी उलट्या व जुलाब सुरू होतात. अशा वेळी घरगुती उपाय करीत न बसता रुग्णास वेलीच्या नमुन्यासह तत्काळ रुग्णालयात न्यावे. हेच कोल्चिसिन वैद्यकाच्या हाती, मोजक्या मात्रेत, गाऊट या सांधेविकारावर औषध ठरते.

केवळ ऐकीव आहे म्हणून कोणतीही गोष्ट स्वीकारू नये, स्वतः पारखून घ्यावी, अशी शिकवण तथागतांनी कालामांना दिली. कळलावीकडेही त्याच दृष्टीने पाहावे. तिला भिऊन उपटू नये आणि मोहून चाखू नये. ओळखून तिच्या जागी राहू द्यावे.