देवाला नमस्कार, साहेबांची सही!

कुठलाही सरकारी फॉर्म भरायला घ्या. नाव, वडिलांचं नाव, गाव, वय... आणि मग तो हमखास रकाना, ओळखीची खूण! लगेच आपण आरशासमोर उभं राहून तीळ शोधायला लागतो. आता हा अर्ज बघा. नाव : ऑरेलियस डायोजिनीस. वडील : सताबूस. वय : 72. खूण : उजव्या भुवईवर व्रण. तारीख 26 जून. आणि साल? चक्क इ. स. 250!

इजिप्तच्या फायूम भागातल्या या आजोबांना पेन्शन वगैरे नको होती. आपण देवांना बळी दिला, वाईनची धार सोडली, प्रसादाचं मांस खाल्लं आणि हे सगळं गावच्या समितीसमोर केलं, तेव्हा तशी सही द्यावी, एवढंच त्यांचं मागणं. देवाला नमस्कार केल्याचा दाखला, बॉस!

रोमन सम्राट म्हटलं की आपल्याला ‘ग्लॅडिएटर’ आठवतो. तलवारी, सिंह, रक्त. मला मात्र सगळ्यात जास्त धडकी भरवली ती पपायरसच्या या चिटोऱ्याने.

मुळात रोमचा सम्राट नुसता राजा नव्हता, तो मुख्य पुरोहितही होता. पाँटिफेक्स मॅक्सिमस, म्हणजे सगळ्या पुरोहितांचा बॉस. हे पद तहहयात असायचं, त्यामुळे खुद्द ऑगस्टससुद्धा जुना पुरोहित लेपिडस मरेपर्यंत वाट बघत थांबला. इ. स. पूर्व 12 मध्ये पद हातात आलं आणि मग ते सिंहासनालाच चिकटलं. हिशेब सरळ होता. देव खूश तर राज्य ठीक. साथ आली, लढाई हरली, तर देवांचं काहीतरी बिनसलंय. देवांशी रिलेशन्स सांभाळणं हे सम्राटाच्या जॉब प्रोफाइलमध्येच होतं म्हणा ना. वर चांगल्या सम्राटाला मेल्यानंतर सिनेट देव म्हणून जाहीर करायची. शेवटच्या आजारपणात व्हेस्पेशियनने आपण आता देव व्हायला लागलोय वाटतं, अशी कोटी केली होती असं स्युटोनियस सांगतो. हा माणूस मला जाम आवडतो.

डिशियसला मात्र असली मस्करी परवडणारी नव्हती. 249 मध्ये तो गादीवर आला, तेव्हा सीमेवर गॉथ टोळ्या आणि घरात गादीसाठी मारामाऱ्या. त्याने हुकूम काढला : साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवांना बळी द्यायचा. देवधर्म तोवर गावागावाचा, घराघराचा मामला होता. आता प्रत्येक माणसामागे एक कागद आला. (212 मध्ये काराकालाने जवळजवळ सगळ्या स्वतंत्र प्रजेला नागरिकत्व दिलं होतं, म्हणून तर या अर्जांवर जो तो ‘ऑरेलियस’ किंवा ‘ऑरेलिया’. ते काराकालाच्या घराण्याचं नाव.)

मूळ हुकूम आज उपलब्ध नाही. पण असे चाळीसच्या वर दाखले इजिप्तच्या वाळूत सापडलेत. मजकूर बहुतेक एकाच साच्यातला. त्यात एक अर्ज चक्क पुजारीणबाईंचा आहे! ऑरेलिया अम्मोनूस, पेटेसूखोस नावाच्या मगरदेवाची पुजारीण. तिलाही दाखला लागलाच. म्हणजे कागदावर तरी हा हुकूम कुणा एका धर्माविरुद्ध नव्हता. कुठल्या देवाला बळी दिला, हेसुद्धा विचारलेलं नाही. मनात काय आहे, हे तर नाहीच नाही. केलंत ना? दोघांनी बघितलं ना? झालं, पुढचा!

अडकले ते ख्रिस्ती. त्यांच्यासाठी ती चिमूटभर धूप म्हणजे देवाशी गद्दारी. रोमचा बिशप फेबियन जानेवारी 250 मध्येच मारला गेला. कार्थेजचा बिशप सिप्रियन लपून बसला आणि तिथून पत्रं लिहीत राहिला. साध्या माणसांनी काय करायचं? काही तुरुंगात गेले. पुष्कळांनी मुकाट्याने बळी दिला. आणि काहींनी मधला मार्ग काढला : पैसे चारले, बळी न देताच दाखला घेतला. मला हीच माणसं सगळ्यात ओळखीची वाटतात. घरी पोरंबाळं, दुकान, म्हातारी आई... एक कागद तर आहे!

पण तो कागद इतका स्वस्त नव्हता. 251 मध्ये डिशियस आजच्या बल्गेरियात गॉथांशी लढताना मेला, हुकूम बारगळला आणि चर्चमध्ये खरी भांडणं पेटली. दाखला विकत घेणारे आपले की परके? त्यांना आत घ्यायचं की नाही? रोममध्ये तर नोव्हेशियन नावाचा कडक पुढारी आपली माणसं घेऊन वेगळाच झाला. शेजारी शेजाऱ्याला विचारत होता, तू तेव्हा काय केलंस?

थिआडेल्फिया गावच्या ऑरेलिया बेलिआसचा दाखलाही सापडलाय. तिच्याबरोबर मुलगी कापिनिस. खाली अधिकाऱ्यांची सही. मायलेकी मनापासून गेल्या की घाबरून, ते त्या कागदालाही ठाऊक नाही.

पुढे वारं फिरलं. 311 मध्ये गॅलेरियसने ख्रिस्ती लोकांना मोकळीक दिली, मग कॉन्स्टंटाइन स्वतःच त्यांच्या बाजूचा झाला. 325 मध्ये बिशपांची नायसियाची सभा भरवली ती त्यानेच, सम्राटानेच. आणि 391 मध्ये थिओडोसियसने हुकूम काढला : देवांना बळी द्यायचा नाही! बेलिआसच्या एखाद्या खापरपणतूने आजीचा दाखला जपून ठेवला असता, तर आता त्याला तो लपवावा लागला असता.