पानिपतचा स्मृतिदिन

पानिपत हे नाव ऐकले की तुम्हांला मौलाना अल्ताफ हुसेन हाली आठवत असतील. ते 1837 साली पानिपतला जन्मले. तिथल्याच हजरत बू अली शाह कलंदर यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. मराठी माणसाला मात्र या नावाने दुसरीच आठवण होते. एखाद्याचा पुरता पराभव झाला की मराठीत म्हणतात, "त्याचे पानिपत झाले." हा वाक्प्रचार 14 जानेवारी 1761 च्या लढाईतून आला. त्या दिवशी सदाशिवराव भाऊंच्या सैन्याचा अहमदशाह अब्दालीने पराभव केला. पेशव्यांचा तरुण मुलगा विश्वासराव गोळी लागून पडला, भाऊही मारले गेले. महाराष्ट्रात कितीतरी घरांतली माणसे परत आली नाहीत.

पानिपत शहराबाहेर काला आंब येथे या लढाईचे स्मारक आहे. दरवर्षी 14 जानेवारीला तिथे लोक जमतात. महाराष्ट्रातूनही काही जण जातात. असा दिवस तुमच्या शाळेत किंवा मोहल्ल्यात पाळायचा झाला तर काय करावे लागेल, ते आपण पाहू.

कोणी म्हणेल, हरलेल्या लढाईचा कसला समारंभ? प्रश्न बरोबर आहे. हा समारंभ नव्हेच. घरातल्या माणसाची बरसी आपण जशी पाळतो, तसा हा दिवस आहे. त्यात फटाके आणि गुलाल शोभत नाहीत.

पहिले काम तारखेचे. लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली असे भाषणांत नेहमी सांगतात. ते खरे नाही. संक्रांतीची इंग्रजी तारीख हळूहळू पुढे सरकत असते. स्वामी विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863 रोजी झाला आणि तो संक्रांतीचा दिवस होता. त्याच्या शंभर वर्षे आधी संक्रांत आणखी अलीकडे येत असे. म्हणजे 1761 साली 14 जानेवारीच्या आधीच संक्रांत होऊन गेली होती. त्या काळच्या मराठी गणतीने लढाईचा दिवस होता शके 1682, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. हिजरी सन 1174 होते आणि महिना जमादिउस्सानीचा. जुन्या मराठी कागदांत हाच महिना 'जमादिलाखर' असा लिहिलेला आढळतो. फलकावर या तिन्ही गणना लिहा. आपल्याकडे एकच दिवस किती तऱ्हांनी मोजला जात होता, हे फलक वाचणाऱ्याला आपोआप कळेल.

यानंतरचे काम सर्वांत मोठे. स्मरण कोणाचे करायचे, हे ठरवायला हवे. सभेत दोन-तीन सरदारांची नावे घेतली जातात आणि बाकीचे राहून जातात. इब्राहीमखान गारदी यांचे नाव तर आवर्जून घ्या. ते भाऊंच्या तोफखान्याचे आणि कवायती पायदळाचे प्रमुख होते. लढाईत मराठी फौजेच्या डाव्या बाजूला त्यांच्या पलटणी होत्या. समोरच्या रोहिल्यांना त्यांनी मागे रेटले, पण त्यात बहुतेक गारदी कामी आले. खानसाहेब जखमी होऊन पकडले गेले आणि कैदेत त्यांचा अंत झाला. बाजीराव आणि मस्तानी यांचे पुत्र समशेर बहादूर हेही या लढाईत घायाळ झाले. पुढे सूरजमल जाटांच्या मुलखात त्यांनी प्राण सोडला.

आणखी एक माणूस आहे. तो लढवय्या नव्हता, साधा भिश्ती होता. त्याचे नाव राणेखान. महादजी शिंदे पायाला जबर जखम होऊन पडले होते. राणेखानाने त्यांना आपल्या बैलावर घालून सुखरूप दूर नेले, असे सांगतात. महादजी जन्मभर लंगडत चालले. राणेखानाला ते भाऊ मानत. पुढे तो शिंद्यांच्या फौजेतला मोठा सरदार झाला आणि लोक त्याला राणेखानभाई म्हणू लागले. 'हा दिवस आपला नाही' असे तुमच्यापैकी कोणाला वाटत असेल, तर त्याला या भिश्त्याची गोष्ट सांगा.

फौजेबरोबर व्यापारी, मजूर, यात्रेकरू आणि बायकामुलेही होती. नाना फडणीस तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे होते. ते स्वतः वाचले, पण त्यांची आई त्या धावपळीत गमावली. अशा हजारोंची नावे कुठेच नाहीत. त्यांच्यासाठी दोन मिनिटे शांत उभे राहावे.

आपल्या गावातले कोणी गेले होते का, हेही विचारावे. जुन्या घराण्यांत वंशावळी असतात, मशिदी-देवळांच्या सनदा असतात. मात्र ऐकलेली प्रत्येक गोष्ट खरी मानू नका. कागद असेल तर 'कागद आहे' असे लिहा. नसेल तर 'घराण्यात असे सांगतात' एवढेच लिहा.

सभेत वाचायला उतारे निवडताना दोन्ही बाजूंचे घ्या. मराठीत भाऊसाहेबांची बखर आहे. तिच्यातले फौज, मोहीम, मुलूख, तोफखाना हे शब्द तुम्हांला परके वाटणार नाहीत. दुसऱ्या बाजूची हकीकत काशिराज पंडितांनी लिहिली आहे. ते अवधचे नवाब शुजाउद्दौला यांच्या पदरी होते, म्हणजे अब्दालीच्या छावणीत होते. त्यांनी फार्सीत लिहिले, पण सुमारे वीस वर्षांनी, आठवणीवरून. म्हणून त्यांनी दिलेले आकडे जपून वापरावेत. विश्वासराव आणि भाऊ यांच्यावर रीतसर अंत्यसंस्कार व्हावेत म्हणून नवाबांनी खटपट केली, असे ते सांगतात.

वक्त्याला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. ही लढाई हिंदू विरुद्ध मुसलमान अशी रंगवून सांगितली की सभेत टाळ्या पडतात आणि मोहल्ल्यात भांडण उरते. अब्दालीच्या बाजूने धर्माच्या नावाने हाक दिली गेली होती हे खरे आहे, ते लपवू नये. पण भाऊंच्या बाजूला इब्राहीमखान होते आणि अब्दालीच्या छावणीत काशिराज पंडित होते, हेही तितकेच खरे आहे. भाषणात दोन्ही यावे. घोषणा तर नकोतच.

बाकीची कामे नेहमीचीच. वर्गणीची पावती द्या. मिरवणूक काढायची असेल किंवा ध्वनिक्षेपक लावायचा असेल तर पोलीस ठाण्यातून आधी परवानगी घ्या. सतरंज्या कोणाकडून आणल्या ते लिहून ठेवा, नाहीतर परत करताना घोळ होतो. फलक मराठी आणि उर्दू दोन्हींत लिहा आणि शुद्धलेखन शिक्षकांकडून तपासून घ्या. त्याच सुमारास हल्ली संक्रांत येते, तेव्हा सभा संपल्यावर तिळगूळ वाटायला हरकत नाही.

नावांची यादी भिंतीवर लावाल तेव्हा तिच्या तळाशी चार-पाच ओळी कोऱ्या ठेवा. पुढच्या वर्षी कोणी जुना कागद घेऊन आला, तर त्यातले नाव तिथे लिहिता येईल.