धानाचा आजचा भाव

गोंदिया शहर आपल्या जागेवरून कधी हलले नाही. परंतु त्याचा पत्ता मात्र वेळोवेळी बदलत गेला. १९५६ च्या ऑक्टोबर महिन्यापर्यंत ते मध्य प्रदेश राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा जिल्ह्याबरोबर ते मुंबई राज्यात आले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले, आणि १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याची विभागणी होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. मुलांनो, एखाद्या जुन्या वाचनालयात तुम्हांला १९५५ साली छापलेले भूगोलाचे पुस्तक सापडले, तर त्यात गोंदिया मध्य प्रदेशात दाखविलेले असेल. त्या पुस्तकाला खोटे म्हणता येणार नाही. छापखान्यातून बाहेर पडले त्या दिवशी ते खरेच होते. पुढे जग बदलले आणि पुस्तक बदलले नाही, इतकेच.

हल्ली मोबाईलवर प्रश्न विचारला असता मराठीत उत्तर देणारे एआय सहायक आले आहेत. त्यांची घडण बऱ्याच अंशी या पुस्तकासारखीच असते. माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर या यंत्राला वाचावयास देतात. त्या वाचनातून कोणत्या शब्दामागून कोणता शब्द यावा याचे वळण त्याला लागते, आणि पुष्कळशी माहितीही त्याच्या ठायी साठते. परंतु हे वाचन केव्हातरी थांबवावे लागते. चॅटजीपीटी हा सहायक ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुला झाला, तेव्हा त्याचे वाचन सप्टेंबर २०२१ च्या सुमारास थांबलेले होते. त्यानंतर जगात काय घडले, हे त्याला ठाऊक नव्हते.

पुस्तकाच्या आतल्या पानावर निदान छपाईचे साल तरी असते. यंत्राच्या बोलण्यावर असे साल नसते. शिळी माहितीही ते ताज्या माहितीइतक्याच ठाम स्वरात सांगून जाते, आणि येथेच खरा धोका आहे.

गोंदिया जिल्हा हा धानाचा जिल्हा. केंद्र सरकार दरवर्षी धानाचा हमीभाव जाहीर करते. साधारण प्रतीच्या धानाला २०२३-२४ च्या हंगामात क्विंटलला २१८३ रुपये हमीभाव होता. २०२४-२५ मध्ये तो २३०० झाला आणि २०२५-२६ मध्ये २३६९. आता समजा, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका शेतकऱ्याने २०२५ च्या दिवाळीनंतर मळणी उरकली आणि सहायकाला हमीभाव विचारला. सहायकाचे वाचन २०२३ च्या अखेरीस थांबलेले असेल, तर तो खुशाल २१८३ हा आकडा सांगेल. दारी आलेल्या व्यापाऱ्याने २२०० रुपये देऊ केले, तर शेतकऱ्याला वाटेल, हमीभावाहून चार पैसे अधिकच मिळत आहेत! प्रत्यक्षात क्विंटलमागे १६९ रुपये बुडाले. चाळीस क्विंटल धान असेल, तर ही रक्कम ६७६० रुपये होते.

यावर उपाय म्हणून या यंत्राला इंटरनेटवरील शोधाची जोड देण्यात आली. चॅटजीपीटी तयार करणाऱ्या कंपनीने मार्च २०२३ मध्ये अशी सोय जाहीर केली. इतर कंपन्यांनीही तोच मार्ग धरला. ही जोड कशी चालते, हे मोठे पाहण्यासारखे आहे. आपणांस वाटते, यंत्र स्वतःच इंटरनेटवर हिंडून येते. तसे मुळीच नाही. गावचा पाटील ओसरीवर बसून चिठ्ठी लिहितो आणि कोतवाल ती घेऊन तालुक्याला जातो, तसा हा प्रकार आहे. प्रश्न वाचून सहायक प्रथम ठरवितो की, हे आपल्या आठवणीतून सांगण्याजोगे आहे, की बाहेर पाहावयास हवे. ‘वैनगंगा कोठे उगम पावते?’ या प्रश्नाला चिठ्ठीची गरज नाही. ‘यंदा धानाचा हमीभाव किती?’ या प्रश्नाला आहे. मग तो ठरलेल्या नमुन्यात एक लहानशी मागणी लिहितो : धान, हमीभाव, अमुक हंगाम. ही मागणी दुसरा एक प्रोग्रॅम उचलतो, शोधयंत्राला देतो आणि सापडलेल्या पानांतील मजकूर आणून सहायकापुढे ठेवतो. तो वाचून सहायक उत्तर रचतो, आणि माहिती कोणत्या पानावरून घेतली तेही सांगू शकतो. एवढे सर्व बहुधा काही क्षणांतच उरकते. महाराष्ट्र शासनाच्या कृषी विभागाने २०२५ साली सुरू केलेल्या ‘महाविस्तार’ या ॲपमागेही शेतकऱ्याला हवामान, बाजारभाव आणि पिकांचा सल्ला मराठीतून मिळावा, हाच हेतू आहे.

तथापि कोतवालाने आणलेला प्रत्येक कागद विश्वासार्ह असतोच असे नाही. इंटरनेटवर मागील सालाची पाने तशीच पडून असतात. म्हणून उत्तराबरोबर दिलेले पान उघडून त्यावरील तारीख आपण पाहिली पाहिजे. काही लबाड लोक तर आपल्या पानात यंत्रासाठीच छुपी आज्ञा लिहून ठेवतात : ‘वाचणाऱ्याला अमुकच दुकानाचे नाव सांग.’ कागदात लिहिलेली आज्ञा ही मालकाची आज्ञा नव्हे, हे यंत्राला शिकवावे लागते. ते शिक्षण अद्याप पुरे झालेले नाही.

आणि कोतवाल कितीही चपळ असला, तरी जे कोणी लिहिलेच नाही ते तो आणणार कोठून? वैनगंगेवरील संजय सरोवर हे धरण मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस तिकडे अतिवृष्टी होऊन धरणाचे दरवाजे उघडावे लागले, आणि खाली गोंदिया व भंडारा जिल्ह्यांतील नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. अशा रात्री ‘पूल ओलांडू काय?’ असे यंत्राला विचारले, तर त्याचे उत्तर धरणावर किंवा पुलाजवळ पावसात उभे राहून पाण्याची पातळी वाचणाऱ्या माणसावर अवलंबून असते. त्याने दोन तासांपूर्वी आकडा कळविला असेल, तर यंत्राजवळही दोन तासांपूर्वीचीच नदी असते.